तिण्णैवरचं ‘हूं’

सेतू,

हे मी देवनागरीत लिहिते आहे, म्हणजे तू असतास तरी तुला वाचता आलं नसतं. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत मराठी सगळे बोलतात, पण लिहायची वेळ आली की तमिळ अक्षरं काढतात. मी पुण्याला नोकरीला होते तेव्हा बसच्या पाट्या वाचत वाचत ही लिपी शिकले आणि तू त्यावरून मला कायम चिडवलंस. फोनवर मी काही लिहून पाठवलं की म्हणायचास, "आली पंडितीण!" मग ते मलाच मोठ्यानं वाचून दाखवावं लागायचं. हेही लिहून झालं की तुझ्या खोलीत बसून वाचेन. त्याहून जास्त काही मला सुचत नाही.

तुझं तेरावं झालं आणि पुढच्या रविवारी सगळे तिण्णैवर जमले. तिण्णै म्हणजे घरापुढचा उंच कट्टा, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही, पण हा कागद दुसऱ्या कुणाच्या हाती पडला तर त्याला कळावं म्हणून लिहिते. गल्लीतली निम्मी घरं चेन्नईला, बेंगळुरूला, ह्यूस्टनला गेली आणि कट्टे ओस पडले, तेव्हा तू इंटरनेटवर एक तिण्णै बांधलीस. तिथे चेहरे नव्हते, फक्त आवाज, आणि प्रत्येक नावापुढे एक हिरवा ठिपका. रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी यायचं, अत्यानं आपल्या तंजावूरच्या मराठीत गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी ऐकायची. अत्या म्हणजे तुझी आई, माझ्या अप्पांची बहीण. ती टॅबसमोर नेसण नीट करून बसायची, जणू सगळे तिला बघताहेत.

त्या रविवारी गोष्ट नव्हती. सगळे सांत्वनाला आले होते आणि सांत्वनाला आलेला माणूस काय बोलणार, बसून राहतो. मिनिटभर कुणीच बोललं नाही आणि हिरवे ठिपके पटापट विझले. मी घाईघाईनं जोडून दिलं. सगळे परत आले, "सॉरी, सॉरी" म्हणाले, पुन्हा गप्प झाले आणि पुन्हा बाहेर फेकले गेले. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. शेवटी अत्या टॅबकडे बघत मला म्हणाली, "अस्की गेले की?"

सगळे गेले का, असं विचारत होती. मी म्हटलं, "नाही अत्या, नेटवर्क." आपल्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात खरं कारण ठाऊक नसलं की नेटवर्कवर ढकलतात, हे तूच मला शिकवलं होतंस.

सेतू, हे दुखणं आपण एकदा बरं केलं होतं. म्हणूनच मला इतका राग आला. कुणावर आला ते सांगता येत नाही, बहुतेक तुझ्यावरच.

आठवतं का, तिण्णै नवीन होती तेव्हा ती एकसारखी मोडायची. तू कंपनीत दिवसभर कंटेनरांचे क्लस्टर, म्हणजे प्रोग्रामचे डबे चालवणारे मशीनांचे ताफे, सांभाळायचास, म्हणून घरचं खेळणंसुद्धा तुला तसंच बांधायचं होतं. एका प्रोग्रामचं काम, तर तू तो डब्यांत भरून तीन मशीनवर पसरवलास आणि पुढे दारावर एक रिव्हर्स प्रॉक्सी बसवलास. मी म्हटलं, "अत्याच्या गोष्टीला एवढा फौजफाटा कशाला?" तू म्हणालास, "गोष्ट राजाची असती की नाहीं?" प्रॉक्सीचं काम साधं होतं, आलेल्याला योग्य डब्यापर्यंत पोचवायचं. पण तो प्रत्येक पाहुण्याला एकच समजायचा, प्रश्न विचारणार, उत्तर घेणार, निघून जाणार. तिण्णैचा वेबसॉकेट, म्हणजे सतत उघडी राहणारी रेषा, तसा नाही, तो आत येऊन बसतो. "मी बसायला आलो आहे," असं तो दारात सांगतो आणि आपला प्रॉक्सी तो निरोप आत पोचवतच नव्हता. हे तुला पापनाशमला शेतावर जाताना बसमध्ये सुचलं. तू तिथूनच फोन केलास, कंडक्टर ओरडत होता, आणि मी इकडे दोन ओळी लिहून तिण्णै सुरू केली.

मग दुसरी गंमत झाली. निम्मे लोक एका डब्यात जाऊन बसायचे, निम्मे दुसऱ्यात. अत्याची गोष्ट बेंगळुरूला ऐकू यायची, ह्यूस्टनला नाही. ह्यूस्टनची मंडळी बिचारी बराच वेळ कान देऊन बसली होती, अत्या अजून सुरू व्हायची आहे असं समजून. आपण दोघं हसून हसून दमलो. अत्यानं विचारलं काय झालं, तर तू म्हणालास, "अम्मा, पंगत दोन ठिकाणीं मांडली, वाढणारी एकच." तिला ते लगेच समजलं. मला ते समजवायला आकृती काढावी लागली असती.

आणि मग तिसरं, हे मिनिटाचं. गोष्ट मध्येच तुटायची. कधी विसाव्या मिनिटाला, कधी पाचव्या, काही नेम नाही. आपण प्रोग्राम उसवला, प्रॉक्सी उसवला, ह्यूस्टनवाल्यांना त्यांचा राउटर बदलायला लावला. तुटलं तरी अत्याला कळायचं नाही. एकदा तर ती सबंध शेवट तुटलेल्या रेषेवर सांगून मोकळी झाली आणि मग विचारत बसली, कशी वाटली म्हणून.

कारण तू शोधलंस. लॉगमधल्या नोंदी बघून नाही, अत्याच्या शेजारी बसून. आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्यानं ‘हूं’ द्यावा लागतो. तमिळमध्ये त्याला ‘उम् कोट्टणं’ म्हणतात. ‘हूं’ आला नाही तर सांगणारा थांबतो, कारण ऐकणारा झोपला असेल किंवा उठून गेला असेल. तिण्णैवरच्या मुलांना ऑनलाइन शाळेनं माइक बंद ठेवायची शिस्त लावलेली. आईबाप ऑफिसातले, तेही तसेच. सगळे माइक बंद करून मन लावून ऐकायचे आणि अत्या वाक्य संपवून ‘हूं’ची वाट बघत थांबायची. ती थांबली की रेषेवरून काहीच जायचं नाही, कारण आवाज नसेल तेव्हा काही पाठवायचं नाही ही काटकसर मी केली होती. मिनिटभर काही गेलं नाही की दारावरचा प्रॉक्सी समजायचा, आतलं माणूस गेलं, आणि दार लावून घ्यायचा. अत्याला मी विचारलं, थांबतेस का गं मध्येच? ती म्हणाली, "हूं कोणी म्हणीनात. मग मी कोणाला सांगणें?"

इथून आपलं भांडण सुरू झालं, जे अजून संपलेलं नाही. माझं म्हणणं, प्रॉक्सीला सांगू की मिनिटाऐवजी तासभर धीर धर. एका आकड्याचं काम. तुला ते पटेना. "तासभर धीर धरला आणि माणूस खरेंच गेला असला तर? मेलेल्याचा हात धरून बसेल की तो," असं तू म्हणालास. तुझा उपाय म्हणजे थोड्या थोड्या वेळानं तिण्णैवर एक ‘हूं’ पाठवायचा. आवाज नाही, नुसता निरोप, सगळ्यांकडे जाईल, म्हणजे सगळ्यांच्या रेषा जाग्या राहतील. मी म्हटलं, ही सारखी टोचणी कशाला? तू म्हणालास, "बोलत नाहीं म्हणून गेली म्हणावें की? कोणीतरी विचारावें, आहेस की म्हणून."

आणि तू तो ‘हूं’ बसवलास कुठे, तर तुझ्या खोलीतल्या जुन्या लॅपटॉपवर! फौजफाटा सगळा क्लस्टरमध्ये आणि ‘हूं’ तेवढा घरात, फळीवर, चार्जरला लावून. तो लॅपटॉप तुझ्या नावानं तिण्णैवर बसायचा आणि तमिळ अक्षरांत ‘उम्’ लिहून पाठवत राहायचा. मी शंभरदा म्हटलं असेन, हे सर्व्हरमध्ये घाल, लॅपटॉप बंद पडला तर काय करशील? "सेरी, करतों. अत्तां नको." सेरी म्हणजे बरं, तुझं हे ठरलेलं उत्तर. आणि रविवारी तू स्वतः माइक चालू ठेवून तोंडानंही ‘हूं’ म्हणायचास, मोठ्यानं, लांबवून, अत्याला पुढे ढकलल्यासारखं. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. छान वाटायचं, एवढं म्हणायला हवं होतं.

अत्याची शेवटची गोष्ट अर्धी राहिली आहे. ओरत्तनाडूच्या छत्रातल्या, म्हणजे जुन्या धर्मशाळेतल्या, स्वैपाकिणीची. नाव न सांगणारा एक वाटसरू अवेळी येतो, सगळं शिजलेलं संपलेलं असतं, आणि ती पाणी आणायला विहिरीवर जाते, इथपर्यंत आपण आलो होतो. पुढल्या रविवारच्या आधीच तुझ्या डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. ती बाई अजून विहिरीपाशी उभी आहे.

हॉस्पिटलमध्ये मला तुझ्यापाशी थोडा वेळ सोडायचे. डॉक्टर म्हणाले, बोला, कदाचित ऐकू जात असेल. मी बोलले. काय बोलणार मी तुझ्याशी, आपल्या धंद्यातलंच बोलले. माझ्या ऑफिसातला एक डबा सारखा मरून पुन्हा जन्म घेतो म्हणून सांगितलं. मग थांबले. तू ‘हूं’ म्हणाला नाहीस. मी वाट बघितली. दुसऱ्या दिवशी थोडं कमी बोलले, नंतर नुसती बसून राहिले. अत्याला मी विचारलं होतं, थांबतेस का म्हणून. सेतू, थांबायला होतं. तुला ऐकू येत होतं का, एवढंच मला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते सांगू शकणारा माणूस एकटा तूच.

तर तेराव्यानंतरच्या त्या रविवारपासून मी कारण शोधायला बसले. ऑफिसचं काम आटपलं की तेच. प्रॉक्सीची सगळी मांडणी ओळ न ओळ वाचली, तू ठेवली होतीस तशीच होती. डबे सगळे धडधाकट. एकेकाला मुद्दाम मारून पुन्हा उठवला. दारातले निरोप आत पोचत होते, पंगत एकाच ठिकाणी होती. काहीही बदललं नव्हतं आणि काहीही चालत नव्हतं. बेंगळुरूच्या एका मित्राला दाखवलं, तो म्हणाला, सगळं बरोबर आहे. मला रडू आलं. आपल्या घरातही तसंच होतं, तुझी चप्पल दारात, तुझा टॉवेल दोरीवर, सगळं बरोबर.

अत्या त्या दिवसांत बोलेनाशी झाली होती. विचारलं तर हो-नाही करायची, तेवढंच. एकदा मात्र म्हणाली, "तिण्णै लाव एकदा. ती बाई विहिरीवर उभी आहे." मला इतकं बरं वाटलं! पण ही बसली आणि रेषा पुन्हा तुटली तर? पुन्हा ‘अस्की गेले की’ म्हणाली तर? ती परत कधी बसायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी लावते," आणि मला अजून काहीही सापडलं नव्हतं.

मग मी लॉग मागे मागे नेत गेले. तू आजारी होतास तेव्हाही तुझ्या नावाचे ‘उम्’ येत होते. तू हॉस्पिटलमध्ये पडलेला आणि तिण्णैवर, कुणी नसतानाही, तुझं उम्, उम्, उम्. ते सगळं मी वाचत बसले, एकसारखी ओळ, आणि वाचणं थांबवता येईना. मग एका ठिकाणी ते संपलं. तुला घरी आणलं ती दुपार.

आणि मला आठवलं. मी तिथेच होते. तुला पुढच्या खोलीत ठेवलं होतं, गल्ली भरली होती, आणि अत्या उठून तुझ्या खोलीत गेली म्हणून मी तिच्या मागे गेले. लॅपटॉपचा पडदा उजळलेला होता, दिवा लुकलुकत होता. अत्यानं त्यावर तळवा ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, आणि झाकण हळूच खाली आणलं. "पुरे की रे अत्तां," म्हणाली. मी तिला धरून बाहेर नेलं.

तिनं तुझे डोळे मिटावेत तसं ते झाकण मिटलं. आणि त्याच्यामुळे तिण्णै तुटत होती.

हे मी तिला कसं सांगू? मला कारण सापडलं आणि ते कुणाला सांगता येत नाही. तू असतास तर तुला सांगितलं असतं. तू पंगतीचं नाहीतर वाढणारीचं काहीतरी काढलं असतंस आणि तिला अजिबात न दुखवता ते समजलं असतं. मला तसं येत नाही. लॅपटॉप पुन्हा उघडला तर ‘उम्’ सुरू होईल हेही मला कळत होतं. फळीपाशी जाऊन उभी राहिले. हात लावला नाही.

मी तो ‘हूं’ सर्व्हरमध्ये लिहिला. पाच-सहा ओळींचं काम होतं, सेतू, चहा थंड व्हायच्या आत झालं. प्रॉक्सीचा आकडा मी वाढवला नाही. तुझंच चालू दिलं. भांडण तू जिंकलास आणि मला कुणाशी तरी पुन्हा भांडावंसं वाटतंय. ‘हूं’ पाठवणाऱ्याचं नाव काय ठेवायचं, तिथे मात्र अडले. तुझं लिहिलं, खोडलं. शेवटी रिकामं ठेवलं.

रविवारी अत्या बसली. घरची साडी बदलून, केस विंचरून बसली. सगळे आले. मी एका बाजूला लॉग उघडून बघत होते, मिनिट गेलं, दुसरं गेलं, एकही ठिपका विझला नाही. इतकी चांगली तिण्णै कधी चालली नव्हती. सगळ्यांचे माइक बंद, सगळे ऐकायला बसलेले. अत्या म्हणाली, "ती बाई विहिरीवर गेली." आणि थांबली.

मी माइक चालू केला. तोंड उघडलं. ‘हूं’ द्यायचा होता. तो तुझा होता, मला तो काढता येईना. बाकीच्यांनाही बहुतेक तसंच झालं असेल, कारण कुणीच काही बोललं नाही. अत्या थांबून राहिली, ठिपके हिरवे राहिले, रेषा पक्की राहिली आणि तिच्यावरून काहीही गेलं नाही. पुष्कळ वेळानं अत्या म्हणाली, "सेरी, पुरे," आणि उठून स्वैपाकघरात गेली. एकेक ठिपका आपणहून विझला.

आता मला काही दुरुस्त करता येत नाही. सगळं दुरुस्त आहे.

इथपर्यंत लिहून झालं, आणि आज दुपारी तुझ्या खोलीत बसून वाचायला घेतलं. लॅपटॉप फळीवर मिटलेला होता. पहिल्यांदा लाज वाटली, रिकाम्या खोलीत एवढं मोठ्यानं काय बोलायचं. पण पंडितीण म्हणालास ते वाचलं आणि आवाज सुटला. दोन ठिकाणी पंगत मांडल्याचं वाचताना मी एकटीच हसलेसुद्धा. मध्ये कधीतरी अत्या उंबऱ्याशी येऊन बसली. मांडीवर शेवग्याच्या पाल्याची परात, पानं ओरबाडत होती. ती ऐकत होती की नाही मला कळेना. हॉस्पिटलचं वाचलं तेव्हाही तिनं वर बघितलं नाही.

‘मी तिच्या मागे गेले’ इथपर्यंत आले आणि पुढची ओळ दिसली, झाकणाची. मी थांबले. कागद खाली केला. आता हे गाळावं आणि शेवटावर उडी मारावी असं ठरवत होते, आणि अत्याचे हात परातीत थांबले होते. बाहेर गल्लीतून एक स्कूटर गेली.

"हूं," अत्या म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, फळीकडे बघत होती.

"थांबलीस कां? मीच झाकलें तें. वाच."

मी वाचलं. तळव्याचं, झाकणाचं, त्याच्यामुळे तिण्णै तुटत होती ते, सगळं वाचलं. माझा आवाज जिथे जिथे अडला तिथे तिथे ती "हूं" म्हणत गेली, तुझ्यासारखा लांबवून नाही, बारीकसा, तिचा तिचा. शेवटी ‘सगळं दुरुस्त आहे’ इथे आले आणि कागद संपला.

"हूं," अत्या म्हणाली. "पुढें?"

पुढचं मी काही लिहिलेलं नव्हतं.